तिच्या घंटीवरचा आकडा

खरं सांगायचं तर मी तिच्यावर जळत होते, आणि चांगलीच जळत होते. सकाळी ऑफिसात आलं, पंखा लावला, कंप्युटर चालू केला, की माझी नजर आधी स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात जायची. तिथं एक छोटी घंटी असते. घंटीच्या डोक्यावर लाल ठिपका आणि त्या ठिपक्यात आकडा. माझ्या घंटीवर दोन, कधी तीन, लईच झालं तर चार. तिच्या घंटीवर अकरा, चौदा, एकदा तर एकोणीस. पन्नाशीला टेकलेली बाई मी, घरी स्वयंपाक करताना सुद्धा तो एकोणीस माझ्या डोक्यात फिरत होता. भाजीत दोनदा मीठ पडलं.

आमचं ऑफिस उस्मानपुऱ्यात, दुसऱ्या मजल्यावर, एका खोलीचं. लोक जुने कागद घेऊन येतात, कुणाचे मोडीतले, कुणाचे उर्दूतले, निजामाच्या काळातले तर दोन्हीतले. आम्ही ते वाचून देवनागरीत टाइप करून देतो. ऑफिसात माणसं दोनच, मी आणि ती. मालक आठवड्यातून एकदा येतात, कपाटावर बोट फिरवून धूळ बघतात आणि जातात. बारा वर्षं मी एकटीच होते. मग ती आली, पडेगावहून सिटी बसनं येणारी, माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान, उर्दू वाचायला ठेवलेली. मोडी तिला ओ की ठो येत नव्हती.

मोडी तिला मी शिकवली. हे मी आजही सगळ्यांना सांगते, न विचारता सांगते. एका हिवाळ्यात, दुपारचे डबे खाऊन झाल्यावर, टाकाऊ प्रिंटांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी तिला अक्षरं काढून दिली. मला जे यायला तीन वर्षं लागली ते तिनं सहा महिन्यांत उचललं. उर्दूची भराभर ओढलेली अक्षरं वाचून तिचे डोळे आधीच तयार होते, मोडीचं वळण तिला अवघड गेलंच नाही. मला तेव्हा कौतुक वाटलं. खरंच वाटलं. मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं की पोरगी लई हुशार आहे, माझं नाव काढील.

ती वेबसाइटही मीच तिला दाखवली. मोडी वाचणाऱ्यांसाठी काही हौशी मंडळींनी चालवलेली आहे. कुठकुठले लोक आपल्या घरातल्या जुन्या कागदांचे फोटो तिथं टाकतात, आणि आमच्यासारखे वाचणारे खाली वाचन लिहितात. कुणी आभार मानले, कुणी काही विचारलं, कुणी तुमचं वाचन पसंत केलं, की तुमच्या घंटीवर आकडा चढतो. काम कमी असलं की आम्ही दोघी तिथं वाचायचो. कंप्युटर एकच. मालकाचं म्हणणं, कागद वाचायला डोळे लागतात, दोन-दोन कंप्युटर काय करायचे? त्यामुळं आळीपाळीनं बसायचो, आणि ती बसली की मी चहाचा कप घेऊन मुद्दाम तिच्या मागून जायचे. कशाला, ते आता सांगितलंच आहे.

त्या घंटीची एक तऱ्हा आहे. ती दाबली की खाली यादी उघडते, दहा-वीस ओळींची. न वाचलेल्या ओळी ठळक काळ्या, वाचलेल्या फिक्या. एखाद्या ओळीवर सरळ क्लिक केलं, की तुम्ही त्या पानावर जाता आणि यादी मिटून जाते. परत आलं की घंटी पुन्हा दाबा, यादी पुन्हा वरून खाली बघत या, आपण कुठवर आलो होतो ते शोधा. माझं डोकं उठायचं. मग मला कंट्रोलची युक्ती सापडली. कंट्रोलचं बटण दाबून धरायचं आणि ओळीवर क्लिक करायचं. पान मागच्या मागं नव्या टॅबमध्ये उघडतं, यादी आहे तशी उघडीच राहते, आणि ती ओळ डोळ्यांदेखत फिकी होते. पुढची ओळ, त्याच्या पुढची ओळ, करत सगळ्या उघडायच्या आणि मग एकेक टॅब निवांत वाचत बसायचं. मटार सोलून सगळे दाणे आधी ताटात काढावेत तसं. मी कामाला बसले की पहिल्यांदा हेच करते. हातच तसा पडलाय.

तिला मी हीसुद्धा युक्ती दाखवली. तिनं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि दुसऱ्या दिवसापासून तेच काम माउसच्या चाकानं करायला लागली. चाक दाबलं तरी पान नव्या टॅबमध्ये उघडतं आणि यादी मिटत नाही. म्हणजे जे मी दोन हातांनी करायचे ते ती एका हातानं करायची, दुसऱ्या हातात चहा. झालं, मला तेही खुपलं. फक्त त्या साइटवर चाकाची एक खोट होती. चाकानं उघडलेली ओळ फिकी होत नसे. वाचली तरी काळीच राही, आणि आकडाही उतरत नसे, जुनी होऊन ओळ यादीतून गळली तरच उतरे. एकदा मी तिला म्हटलं की तुझा आकडा खरा नाही, निम्म्या ओळी तू वाचलेल्याच आहेत. ती हसून म्हणाली की हौ ताई, फुगलेला आहे. तिनं इतक्या सहज कबूल केलं, की मला अजूनच राग आला.

आणि फुगलेला म्हणावा तर तेही पूर्ण खरं नव्हतं. लोक तिला विचारत होते. इथं ऑफिसात सुद्धा गिऱ्हाईक जिना चढून यायचं आणि मला बघून विचारायचं, त्या दुसऱ्या मॅडम नाहीत का आज? मी म्हणायचे की मी वाचते की, बसा. बसायचे बिचारे, पण चुळबुळ करत.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते एका कौलनाम्याच्या, म्हणजे जमिनीच्या जुन्या कराराच्या वेळी. साइटवर कुणीतरी फोटो टाकला होता, वाचन मी लिहिलं. साल मी हिजरी धरलं. तिनं खाली अगदी अदबीनं लिहिलं, की ताईंचं वाचन उत्तम आहे, फक्त साल फसली, म्हणजे महसुली असावं, कोपऱ्यातल्या शिक्क्यावर उर्दूत तसं आहे. आठेक वर्षांचा फरक पडला. चूक माझीच होती, त्यात वाद नाही. पण चार भिंतींच्या आत सांगायची गोष्ट तिनं चारचौघांत सांगितली, असं मला वाटलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, तू शिकवलंस म्हणूनच तिला कळलं ना? तुझाच मोठेपणा." त्यानं पापड मोडला आणि पुढचा घास घेतला. मी त्या रात्री त्याच्याशी बोलले नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते.

त्या सोमवारी ती उशिरा येणार होती. तिच्या अम्मीला डोळ्यांच्या डॉक्टरकडं दाखवायचं होतं. मी पुंडलिकनगरहून नेहमीच्या वेळेला निघाले, ऑफिस उघडलं, कंप्युटर लावला. शनिवारी शेवटी कंप्युटरवर कोण बसलं होतं ते माझ्या लक्षात नव्हतं. साइट उघडली तर घंटीवर चौदा. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. आम्ही दोघींनीही फोटो लावलेले नाहीत, दोघींच्या नावापुढं तेच करड्या रंगाचं कोरं डोकं दिसतं. मला वाटलं, शनिवारी मी जे लांबलचक पत्र वाचलं होतं ते लोकांना आवडलं. मला वाटलं, आला एकदाचा माझा दिवस. घंटी दाबली, डावा हात कंट्रोलवर गेला, आणि वरपासून खालपर्यंत चौदाच्या चौदा ओळी मी टपाटप उघडल्या. सगळ्या फिक्या झाल्या.

पहिला टॅब बघितला. आभार होते, पण मी न वाचलेल्या कागदाबद्दल. दुसरा बघितला, तिथं तिचं नाव. मग कळलं, की हे खातं तिचं आहे. शनिवारी ती शेवटी बसली होती आणि खात्यातून बाहेर न पडता उठली होती. तिथंच थांबायला पाहिजे होतं. सगळे टॅब बंद करून, ती आली की सांगायचं, अगं चुकून तुझं उघडलं, आणि विषय संपला. पण मी तिसरा उघडला. चौथा उघडला. लोक तिच्याबद्दल काय लिहितात ते वाचायचं होतं मला. दुखऱ्या दातावर जीभ फिरवत राहावं तसं चाललं होतं माझं.

सातव्या टॅबमध्ये साइट चालवणाऱ्यांचं पत्र होतं. आपली मुख्य वाचक म्हणून निवड करत आहोत. यापुढं इतरांची वाचनं आधी आपल्याकडं येतील, आपण तपासून पुढं पाठवाल. गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत संमती कळवावी. न कळवल्यास यादीतल्या पुढच्या वाचकाला विचारण्यात येईल.

यादीतला पुढचा वाचक कोण, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. साइटवर सगळ्यांत जुनी मीच.

मी तो टॅब बंद केला. मग बाकीचे बंद केले. परत घंटी दाबून बघितली, तर त्या चौदा ओळी तशाच फिक्या. पान दोनदा रिफ्रेश केलं. ठिपकाच गेला होता, आकडा नावालाही नव्हता. वाचलेली ओळ परत काळी करायची सोय शोधली, उजवं बटण दाबून बघितलं, कुठं काही सापडलं नाही. शेवटी मी तिच्या खात्यातून बाहेर पडले आणि माझ्या खात्यात गेले. माझ्या घंटीवर दोन होते.

ती साडेबाराला आली. अम्मीच्या डोळ्यात थेंब टाकायला दिलेत, बाकी ठीक आहे म्हणाली. मी म्हटलं बरं झालं. ओठावर आलं होतं, की तुला एक पत्र आलंय. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली, गिऱ्हाईक आलं, आणि त्यानं नेमकं तिलाच नमस्कार केला. मी माझ्या कागदाकडं वळले.

घरी गेल्यावर मी माझं मलाच समजावलं. मी थोडीच काही लपवलंय? पत्र तिच्या यादीत आहे, ती बघेल. फिकं असलं म्हणून काय झालं, नाहीसं तर झालं नाही. पण तिला काळ्याच ओळी बघायची सवय, फिक्यांकडं ती बघणार नाही, हे मला ठाऊक होतं. मी रोज तिच्या मागून चहाचा कप घेऊन जाणारी, मला ठाऊक नसेल तर कुणाला असेल?

मंगळवारी ती म्हणाली, "ताई, साइटवर काही विशेष?" मी म्हटलं काही नाही गं, नेहमीचंच. बुधवारी तिनं डब्यात दालचा आणला होता. अर्धा माझ्या ताटात वाढला. खाता खाता परत विचारलं, की काल-परवा साइटवर काही आलं होतं का माझं, तुम्ही बघितलं का? मी घास गिळला आणि म्हटलं, तुझं तू बघ बाई, मला माझंच होत नाही. ती डबा धुवायला गेली ती बराच वेळ आली नाही. मी मनात म्हटलं, विचारते म्हणजे हिनं अजून बघितलेलं नाही. आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना हात जड होतोय, पण तेव्हा मला बरं वाटलं.

गुरुवारी मात्र मला जेवण गेलं नाही. मी चांगुलपणानं हलले असं कुणी समजू नये. मला भीती वाटायला लागली होती, की उद्या ती जागा माझ्याकडं आली आणि हिनं पुढं कधी खाली जाऊन ती ओळ बघितली, तर मी तोंड कुठं दाखवू? तीन वाजले, साडेतीन वाजले. ती एका सनदेवर भिंग धरून बसली होती. साडेचारला मी घसा खाकरला आणि म्हटलं की अगं, सोमवारी तुझं खातं उघडं राहिलं होतं, माझ्याकडून चुकून एक-दोन ओळी उघडल्या गेल्या, साइटवाल्यांचं काहीतरी पत्र होतं बहुतेक, मी नीट वाचलं नाही, तू बघून घे, आजची मुदत दिसते.

तिनं भिंग खाली ठेवलं.

"एक-दोन नाही ताई. चौदा होत्या."

मग तिनं शांतपणे सांगितलं. सोमवारी संध्याकाळी बसमध्ये तिनं फोनवर साइट बघितली होती. तिच्या यादीतल्या सगळ्या ओळी फिक्या होत्या. तिच्या ओळी कधी फिक्या होत नाहीत, ती चाकानं उघडते. कंट्रोल दाबून एका दमात सगळ्या उघडणारं आमच्या ऑफिसात एकच माणूस आहे. पत्र तिनं तिथंच बसमध्ये वाचलं आणि पडेगाव यायच्या आत संमती कळवून टाकली. म्हणजे सोमवारी संध्याकाळीच सगळं झालं होतं. मी तीन दिवस जे दाबून बसले होते, ते कधीच सुटून गेलं होतं.

मला आधी राग आला, तोही तिचाच. मी म्हटलं, "मग मला बोलली का नाहीस? मजा बघत होतीस माझी?"

तिनं मान हलवली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता.

"नाय ताई. मला वाटलं, तुम्ही वाचलंय तर तुम्हीच सांगाल. सोमवारी आल्या आल्या सांगाल असं वाटलं होतं. मग म्हटलं उद्या सांगतील. घरी अम्मीला पण सांगितलं नाही मी अजून. ज्यांनी शिकवलं त्यांच्या तोंडून आधी ऐकायचं होतं."

मी अभिनंदन म्हटलं. आणखी काय म्हणणार? शब्द बरोबर होता, पण तीन दिवस शिळा. तिनं "शुक्रिया" म्हटलं, ओढणीच्या टोकानं डोळे टिपले, पर्स उचलली आणि अम्मीला फोन करायला जिन्यात गेली. खालून तिचा हसण्याचा आवाज आला, रडण्याचाही आला. मी वर बसून सगळं ऐकलं.

माझा मत्सर तिथं संपला असता तर गोष्ट बरी झाली असती. नाही संपला. मालकांना बातमी कळली आणि आठ दिवसांत दुसरा कंप्युटर आला. ती आल्यापासून मी मागत होते. तो तिच्यासाठी आला आणि टेबलाच्या पलीकडं बसवला, आमच्या स्क्रीनच्या पाठी एकमेकींना लागतील असा. मला पुन्हा आतून आग लागली, आणि ह्या वेळी ते बोलून दाखवायला मला तोंडच नव्हतं.

ती वागायला होती तशीच होती. ताई म्हणायची, डब्यातलं वाढायची. मी पण वाढायचे. त्या चार दिवसांचा विषय तिनं परत काढला नाही, मीही नाही.

मग एके दुपारी मी साइटवर एका जुन्या पत्राचं वाचन लिहून पाठवलं. आता सगळ्यांची वाचनं आधी तिच्याकडं जातात, तसं माझंही गेलं. ती माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती. मला तिच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू येत होत्या, माउसचं चाक फिरलेलं ऐकू येत होतं. वाचनात माझी एक ओळ निसटली होती, ते मला पाठवल्यावर लक्षात आलं. मी थांबले. वाटलं, आता स्क्रीनच्या बाजूनं डोकं काढील आणि म्हणेल, ताई, तिसरी ओळ राहिली का? मी म्हणेन हो गं बाई, राहिली, दे परत. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

पलीकडं की-बोर्ड थोडा वेळ वाजला आणि थांबला. माझ्या घंटीवर आकडा आला, एक. मी उघडलं. आपले वाचन तपासले, तिसरी ओळ समाविष्ट करावी, असं लिहिलं होतं. खाली, मुख्य वाचक.